लॅपटॉप सरकारचा, चावी कोणाची?

मार्च २०१३ मध्ये लखनौ येथे मुख्यमंत्री अखिलेश यादव यांनी बारावी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यांना लॅपटॉप वाटण्यास आरंभ केला, तेव्हा त्या यंत्राचे झाकण उघडताच प्रथम दर्शन घडत असे ते मुख्यमंत्र्यांचे आणि त्यांच्या पिताश्रींचे. आणि ही छायाचित्रे पडद्यावरून कशी काढावीत, हा त्या काळी लाभार्थ्यांत चर्चेचा एक मोठा विषय होऊन बसला होता. वृत्तपत्रांनी या प्रकाराची यथेच्छ थट्टा केली व ती योग्यच होती. परंतु त्या थट्टेत दुसरी एक गोष्ट नजरेआड झाली. त्या यंत्रात दोन प्रणाली भरून दिलेल्या होत्या, एक मायक्रोसॉफ्टची विंडोज आणि दुसरी लिनक्स या मुक्त प्रणालीची उबुंटू नावाची आवृत्ती. अशा जोडप्रणालीच्या यंत्राची कळ दाबली की काळ्या पडद्यावर दोन-चार ओळींची यादी उमटते, काही सेकंद वाट पाहिली जाते, आणि कोणी काही निवडले नाही तर यंत्र आपल्या मनाने पहिली ओळ उचलून पुढे चालू लागते. राज्याच्या दूरच्या कोपऱ्यातील ज्या मुलाने आयुष्यात प्रथमच संगणकाला हात लावला होता, त्याच्यासमोर उभे राहिलेले हे मुक्त आणि मालकीच्या संगणकप्रणालींमधील जागतिक द्वंद्व त्या काही सेकंदांतच निकालात निघत होते, आणि तो निकाल त्या मुलाने दिलेला नसे.

हा निकाल कोण देतो, हाच या आढाव्याचा विषय आहे. सरकारांनी शाळकरी मुलांना संगणक देण्याचे जे प्रयोग गेल्या पंचवीस वर्षांत निरनिराळ्या देशांत व राज्यांत केले, त्यांच्याविषयीचे वाङ्मय चाळले तर त्यातील बराच भाग परवान्याच्या किमतीने व्यापलेला आढळतो. किंमत क्षुल्लक आहे असे माझे म्हणणे नाही. परंतु प्रयोगामागून प्रयोग पाहत गेल्यावर माझी अशी खात्री होत गेली आहे की कोणती प्रणाली टिकेल याचा निर्णय निविदेच्या कागदावर फारच थोडा होतो, आणि खरा होतो तो दोन ठिकाणी, मास्तरांच्या प्रशिक्षणवर्गात आणि परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेत.

प्रथम शब्दांची थोडी झाडाझडती घेणे आवश्यक आहे, कारण या वादात अर्धा गोंधळ शब्दांचा आहे. मुक्त आज्ञावलीच्या चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली मुक्त प्रणाली घडविण्याच्या ग्नू प्रकल्पाची घोषणा केली तेव्हा त्यांनी योजलेल्या ‘फ्री’ या इंग्रजी विशेषणाचे दोन अर्थ होत असल्याने त्यांना जन्मभर खुलासे करीत फिरावे लागले. मराठीत ती अडचण मुळीच नाही, कारण आपल्याकडे ‘मुक्त’ हा शब्द निराळा आणि ‘फुकट’ हा शब्द निराळा. आज्ञावली हव्या त्या कामासाठी चालवावी, तिची मूळ संहिता उघडून अभ्यासावी, तीत फेरफार करावा आणि मूळ अथवा सुधारलेली प्रत दुसऱ्यास द्यावी, एवढे चार अधिकार ज्याला आहेत तो मुक्त आज्ञावलीचा धारक होय. उलटपक्षी मालकीच्या आज्ञावलीचा पैसे मोजून घेतलेला परवाना हा खरेदीखत नव्हे. ज्याला आपल्या महसुली भाषेची सवय आहे त्याला ही गोष्ट चटकन कळेल: परवानाधारक हा जमीन कसणारे कूळ आहे, सातबारावर मालकाचे नाव दुसऱ्याचेच आहे, आणि या कुळाच्या रक्षणासाठी कोणताही कूळकायदा अद्याप झालेला नाही. नांगरट करावी, पीक घ्यावे, परंतु बांध हलवू नये आणि विहीर खणू नये, अशा अटींवर ही वहिवाट चालते. शाळेच्या बाबतीत प्रश्न एवढाच की ज्या मुलांना आपण जमीन कशी कसावी हेच शिकवू पाहत आहोत, त्यांना विहीर खणण्यास मनाई असावी काय?

या प्रश्नाला तत्त्वज्ञानाचे रूप देऊन तो जगापुढे मांडण्याचे काम निकोलस नेग्रोपोंटे यांच्या ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ या चळवळीने केले. २००५ च्या नोव्हेंबरात ट्युनिस येथील परिषदेत संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या उपस्थितीत त्या शंभर डॉलरी यंत्राचा नमुना दाखविण्यात आला. त्याच सुमारास अ‍ॅपलचे स्टीव्ह जॉब्स यांनी आपली प्रणाली या यंत्रासाठी विनामूल्य देऊ केली होती, आणि चळवळीच्या धुरिणांनी ती, मूळ संहिता खुली नाही एवढ्याच कारणावरून, नाकारली होती. आज हे वाचताना गंमत वाटते. पण नकारामागील विचार गंभीर होता. यंत्राच्या कळफलकावर चक्राचे चिन्ह असलेली एक स्वतंत्र कळ ठेवलेली होती आणि ती दाबली असता चालू असलेल्या आज्ञावलीची मूळ संहिता डोळ्यांपुढे यावी, अशी योजना होती. घड्याळ उघडून पाहणाऱ्या मुलाला चापट न मारता त्याच्या हाती पेचकस देण्याचीच ती कल्पना, आणि ती कधीच पुरतेपणी अमलात आली नाही तरी या सबंध इतिहासात तिच्याइतकी सुंदर कल्पना मला दुसरी आढळलेली नाही.

व्यवहार मात्र निराळ्या वाटेने गेला. शंभर डॉलरचे यंत्र बाजारात येईतो सुमारे १८८ डॉलरचे झाले. भारत सरकारच्या शिक्षण खात्याने २००६ सालीच या योजनेस नकार दिला आणि तत्कालीन शिक्षण सचिव सुदीप बॅनर्जी यांनी ती शिक्षणशास्त्रदृष्ट्या शंकास्पद असल्याचा शेरा मारला. तरीही २००७ साली या चळवळीचा भारतातील पहिला प्रयोग झाला तो आपल्याच रायगड जिल्ह्यात, कर्जतनजीकच्या खैराट या धनगरवाडीवजा वस्तीतील एका छोट्या शाळेत, आणि त्यास मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील मुक्त आज्ञावलीच्या पुरस्कर्त्यांचे साहाय्य लाभले. मूठभर मुले, एक शिक्षक आणि हिरव्या-पांढऱ्या रंगाची ती खेळण्यासारखी दिसणारी यंत्रे, इतकाच त्याचा संसार. पुढे २००८ मध्ये त्या यंत्रावर विंडोज एक्सपी चढविण्याचे घाटले तेव्हा चळवळीच्या आज्ञावली विभागाचे प्रमुख वॉल्टर बेंडर बाहेर पडले आणि तत्त्वाची भूमिका व्यवहाराच्या रेट्याखाली फाटली. पेरू देशाने तर आठ लाखांहून अधिक यंत्रे घेतली; आंतर-अमेरिकी विकास बँकेने तेथील ३१९ ग्रामीण शाळांची पाहणी करून २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षात, गणित व भाषा या विषयांतील गुणांवर या यंत्रांचा काहीही परिणाम आढळला नाही असे नमूद केले. हा निष्कर्ष मुक्त प्रणालीच्या विरुद्ध पुरावा म्हणून पुष्कळदा पुढे केला जातो. तो तसा नाही. त्या यंत्रांवर मालकीची प्रणाली असती तरी गुण वाढते असे समजण्यास काहीच आधार नाही. तो पुरावा आहे तो शिक्षकाला वगळून मुलाच्या हाती यंत्र देण्याच्या भाबडेपणाविरुद्ध.

याच काळात मालकीच्या बाजूनेही स्वस्थ बसणे शक्य नव्हते, कारण दहा वर्षांचे मूल ज्या प्रणालीवर बोटे चालविण्यास शिकते तीच तिशीत कार्यालयासाठी मागते, हे बाजाराला शिक्षण खात्याच्या आधी समजलेले असते. एप्रिल २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विद्यार्थ्यांसाठी संगणक घेणाऱ्या सरकारांना विंडोज व ऑफिस यांचा एक संच केवळ तीन डॉलरना देऊ केला. त्याच वर्षी नायजेरियात जे घडले ते तर एखाद्या दरबारी बखरीत शोभावे. सतरा हजार शालेय लॅपटॉप फ्रान्सच्या मांद्रिव्हा कंपनीच्या लिनक्ससह घेण्याचे ठरले, करार झाला, प्रणाली तेथील गरजेप्रमाणे घडविली गेली, आणि मग यंत्रे हाती पडताच ती पुसून तेथे विंडोज घालण्यात येणार असल्याचे वृत्त आले. मांद्रिव्हाचे प्रमुख फ्रान्स्वा बान्सिलॉं यांनी मायक्रोसॉफ्टच्या स्टीव्ह बामर यांना जाहीर पत्र लिहून, आरशात पाहताना आपणास काय वाटते, असा प्रश्न विचारला. पुढे मायक्रोसॉफ्टने पुरवठादारास प्रचारकार्यासाठी चार लाख डॉलर देऊ केल्याचे प्रकाशात आले, आणि खर्च करणाऱ्या सरकारी संस्थेने आपण लिनक्सच ठेवणार असल्याचे सांगितले. आता त्या तीन डॉलरच्या देकाराकडे परत येतो. तीन डॉलर म्हणजे जवळजवळ फुकटच. तेव्हा किंमत हाच ज्यांच्या भूमिकेचा एकमेव आधार होता त्यांची जमीन त्या दिवशी सरकली. जी वस्तू महाग आहे म्हणून आपण टाकतो, ती उद्या स्वस्त झाली तर पुन्हा घेणे भाग पडते.

रशियातील एक प्रसंग याहून निराळ्या कारणाने लक्षात राहण्यासारखा आहे. पर्म प्रांतातील सेपिच गावच्या शाळेचे मुख्याध्यापक अलेक्सांदर पोनोसोव्ह यांच्यावर शाळेच्या संगणकांत विंडोजच्या चोरट्या प्रती आढळल्यावरून खटला झाला. हे संगणक शाळेला तशाच अवस्थेत पुरविण्यात आले होते. मिखाइल गोर्बाचेव्ह यांनी बिल गेट्स यांना जाहीर पत्र लिहून त्यांच्यासाठी रदबदली केली. खालच्या न्यायालयाने २००७ मध्ये पाच हजार रूबल दंड केला आणि अखेर वरच्या न्यायालयात ते सुटले. या प्रकरणानंतर पर्मसह काही प्रांतांतील शाळांत लिनक्सचा प्रयोग सुरू झाला. पुरवठा ठेकेदाराने करावा आणि चौकशीची नोटीस मात्र मुख्याध्यापकाच्या टेबलावर यावी, ही रीत ज्यांना केवळ आपल्याकडचीच वाटत असेल त्यांनी हा दाखला जरूर ध्यानी घ्यावा.

युरोपात या विषयाचा पहिला मोठा अध्याय स्पेनच्या एक्स्त्रेमादुरा या पोर्तुगालच्या सीमेवरील दरिद्री प्रांताने लिहिला. २००२ साली त्या प्रांताने डेबियन या लिनक्सच्या आवृत्तीवर आधारलेली लिनएक्स नावाची स्वतःची प्रणाली सिद्ध केली आणि माध्यमिक शाळांत दर दोन विद्यार्थ्यांमागे एक संगणक बसविण्यास घेतले. बोधचिन्ह म्हणून तेथील घंटाघरांवर घरटी करणारा करकोचा घेतला, आणि आज्ञावलींना प्रांतातील थोर पुरुषांची नावे दिली. लेखनाच्या आज्ञावलीस कवी एस्प्रोन्सेदा याचे, चित्र रंगविण्याच्या आज्ञावलीस चित्रकार सुर्बारान याचे. आपल्याकडे एखाद्या राज्याने लेखनाच्या आज्ञावलीस मोरोपंतांचे नाव दिले तर मुले प्रथम हसतील, आणि मग निदान मोरोपंत कोण ते विचारतील! परकीय प्रणालीला स्थानिक नाव देण्याचा हा अधिकार कुळाला नसतो. तो मालकालाच असतो, आणि लिनएक्सच्या कर्त्यांनी तो मुद्दाम बजावला. अर्जेंटिनाने २०१३ मध्ये आपल्या शालेय लॅपटॉपांसाठी वुआयरा ही प्रणाली काढली, तेव्हा तिचे नावही क्वेचुआ भाषेतून उचलले. त्या शब्दाचा अर्थ वारा. परंतु तेथे ती विंडोजच्या शेजारी दुसरी म्हणून नांदत होती, आणि सरकार बदलल्यानंतर २०१८ साली मूळ वाटप योजनाच गुंडाळण्यात आली.

मालकीचा हक्क बजावण्यात मालकाची जबाबदारीही येते, हे पोर्तुगालने अनुभवले. तेथे २००८ साली मॅगेलन या दर्यावर्द्याच्या नावाने प्राथमिक शाळेतील मुलांना निळे-पांढरे लॅपटॉप देण्यात आले. त्यांत विंडोज एक्सपी आणि काइशा माजिका हे पोर्तुगीज लिनक्स अशा दोन प्रणाली होत्या. पुढील वर्षी वृत्तपत्रांना असे आढळले की त्यांतील एका मुक्त शैक्षणिक खेळातील पोर्तुगीज मजकूर शुद्धलेखनाच्या व व्याकरणाच्या कित्येक चुकांनी बरबटलेला आहे. तो अनुवाद फ्रान्समध्ये राहणाऱ्या एका स्थलांतरित स्वयंसेवकाने सद्भावनेने केलेला होता, आणि शाळेत पाठविण्यापूर्वी तो कोणीही वाचलेला नव्हता. मंत्रालयाने खेळ काढून टाकण्याचे फर्मान काढले. चुका काढून टाकण्याचे का काढले नाही? संहिता खुली होती. दोन भाषाशिक्षक आणि एक आठवडा यांत ते काम झाले असते. विहीर खणण्याची मुभा असतानाही ज्याला टँकरचीच सवय लागली आहे, अशा गावाची ही कथा आहे.

आता केरळकडे वळतो, आणि येथे थोडे अधिक रेंगाळतो, कारण या विषयावरचा एक अत्यंत दीर्घ व सलग असा प्रयोग आपल्या शेजारच्याच किनाऱ्यावर चाललेला आहे, आणि आपल्याकडे त्याची जितकी दखल घेतली जावी तितकी घेतली जात नाही. इस्रोचे माजी अध्यक्ष प्रा. यू. आर. राव यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून २००१ मध्ये तेथे ‘आयटी अ‍ॅट स्कूल’ हा प्रकल्प सुरू झाला. त्याच वर्षी स्टॉलमन तिरुवनंतपुरमला येऊन भारतातील मुक्त आज्ञावली प्रतिष्ठानाचे उद्घाटन करून गेले होते, परंतु प्रकल्पाचा आरंभीचा अभ्यासक्रम मात्र विंडोजभोवतीच गुंफलेला होता. त्यावर आक्षेप आला तो केवळ संगणकतज्ज्ञांकडून नव्हे. शिक्षकांच्या संघटनांनीही, सार्वजनिक शाळेच्या पाठ्यपुस्तकात एका कंपनीच्या विक्रेय वस्तूचे धडे का असावेत, असा प्रश्न उपस्थित केला. हा प्रश्न शिक्षकांतून आला, सचिवालयातून नव्हे, ही गोष्ट पुढील सर्व यशाचे मूळ आहे असे मी समजतो. दहावीच्या शालान्त परीक्षेत माहिती तंत्रज्ञान हा विषय आला, प्रारंभी दोन्ही प्रणालींचा पर्याय ठेवण्यात आला, आणि मग या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस परीक्षा केवळ मुक्त प्रणालीवर होऊ लागली. आपल्या देशात परीक्षेत जे येते ते शिकविले जाते आणि जे येत नाही ते पुस्तकातच राहते. केरळच्या धोरणकर्त्यांनी या सनातन सत्याशी भांडण न करता त्याचा उपयोग करून घेतला.

त्याहून महत्त्वाची तजवीज म्हणजे शिक्षकांतूनच प्रमुख प्रशिक्षक निवडून त्यांना पूर्ण वेळ या कामी लावणे. भूगोलाचा किंवा मल्याळमचा शिक्षक लिनक्स कसे चढवावे, बिघडले तर कसे सावरावे हे शिकला आणि त्याने ते इतरांस शिकविले. नादुरुस्त यंत्रांच्या दुरुस्तीसाठी शिबिरे भरविण्यात आली व त्यांत विद्यार्थ्यांनीही हात काळे केले. २०१७ मध्ये या प्रकल्पाचे ‘काइट’ नावाच्या सरकारी कंपनीत रूपांतर झाले, पाठोपाठ ४५,००० वर्गखोल्या लॅपटॉप व प्रक्षेपक यांनी सज्ज करण्याचे काम हाती घेण्यात आले, आणि ‘लिटल काइट्स’ ही विद्यार्थ्यांची मंडळे शाळाशाळांत निघाली. दर काही वर्षांनी उबुंटूच्या नव्या आवृत्तीवरून शाळांसाठी स्वतंत्र प्रणाली तयार होते, तीत मल्याळम टंक आणि पाठ्यपुस्तकाशी जुळणाऱ्या आज्ञावली आधीच बसविलेल्या असतात, आणि शाळा तिची प्रत घेऊन ती मुलांच्या घरच्या संगणकासाठीही वाटू शकते. मालकीच्या प्रणालीत याच कृत्यास चोरी म्हणतात.

या प्रयोगाच्या चाहत्यांत मी आहे, तरीही त्याच्या समर्थनार्थ दिल्या जाणाऱ्या एका आकड्याविषयी संशय व्यक्त केल्यावाचून मला राहवत नाही. २०१९ साली नवी आवृत्ती काढताना असे जाहीर करण्यात आले की दोन लाख संगणकांवर मुक्त प्रणाली वापरल्याने राज्याचे ३,००० कोटी रुपये वाचले. भागाकार करून पाहिला म्हणजे दर यंत्रामागे दीड लाख रुपये पडतात. चित्रकला, चलच्चित्र, भूमिती, नकाशे अशा प्रत्येक कामासाठी बाजारातील मालकीची आज्ञावली पूर्ण भावाने घेतली असती तर हा हिशेब बसेल, पण तीस हजारांच्या लॅपटॉपावर दीड लाखांच्या आज्ञावली चढविण्याची मंजुरी कोणत्याही वित्त खात्याने दिली नसती, आणि शैक्षणिक सवलतींचा भाव तर फारच निराळा असतो. न झालेला खर्च म्हणजे बचत असे धरले तर मी आजवर घोडे न बाळगून बरीच संपत्ती साठविली आहे! केरळचे खरे श्रेय या आकड्यात नाही. परवान्यावर जो पैसा गेला असता त्यातील काही भाग शिक्षकांच्या प्रशिक्षणावर गेला, हे ते श्रेय आहे, आणि ते कोटींत मांडता येत नाही.

केरळच्या शेजारी तमिळनाडूत मुक्त प्रणालीला अनुकूल अशी सर्व सामग्री होती. तेथील एल्कॉट या सरकारी महामंडळाने सी. उमाशंकर या सनदी अधिकाऱ्याच्या कारकिर्दीत आपला कारभार लिनक्सवर आणलेला होता; शिवाय सी-डॅकने भारतीय भाषांसाठी तयार केलेली बॉस ही लिनक्सची आवृत्ती चेन्नईतच घडत होती. १५ सप्टेंबर २०११ रोजी, अण्णादुराईंच्या जयंतीस, मुख्यमंत्री जयललिता यांनी जी लॅपटॉप योजना सुरू केली तिचे पहिल्या वर्षाचे उद्दिष्टच ९ लाख १२ हजार यंत्रांचे होते, आणि पुढील वर्षांत वाटलेल्या यंत्रांची एकूण संख्या त्याच्या कित्येक पट झाली. या यंत्रांत विंडोज ७ ची ‘स्टार्टर’ आवृत्ती आणि बॉस अशा दोन्ही प्रणाली घालून देण्यात आल्या. कागदावर हा समन्वय मोठा निर्दोष दिसतो: ज्याला जे हवे ते त्याने घ्यावे. परंतु शाळेत जो अभ्यासक्रम, गल्लीतील संगणकवर्गात जे शिकविणे, मित्राच्या पेनड्राइव्हवर जे चित्रपट व खेळ, ते सर्व एका प्रणालीच्या बाजूचे असताना दुसरी प्रणाली नुसती यादीत ठेवणे म्हणजे लग्नाच्या पंक्तीत मीठ वाढून समतेचे समाधान मानण्यासारखे आहे.

त्या स्टार्टर आवृत्तीविषयी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. तीत पडद्यामागचे चित्र बदलण्याची सोय नव्हती. तिच्या आधीच्या एक्सपीच्या स्टार्टर आवृत्तीत तर एका वेळी तीनच आज्ञावली उघडत. चौथी उघडू पाहिली की नकार मिळे. यंत्राला ते जमत नव्हते म्हणून नव्हे, तर गरिबाची प्रत श्रीमंताच्या प्रतीहून वेगळी दिसावी म्हणून मुद्दाम घातलेली ती कुंपणे होती. मुक्त प्रणालीत अशी गरिबांची निराळी पंगत नसते. केरळातील कोळ्याच्या मुलीच्या हाती जी उबुंटू येते तिच्या कळा कोणी कापून ठेवलेल्या नसतात. परवान्याच्या किमतीपेक्षा मला हा मुद्दा अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि तो या वादात फारच क्वचित ऐकू येतो.

मालकीच्या पक्षाचे म्हणणे एकंदरीत दुबळे आहे असे मात्र नाही. त्यांचा मुख्य युक्तिवाद रोजगाराचा. महाराष्ट्रात २००१ पासून एमएससीआयटी या अभ्यासक्रमाने लक्षावधी लोकांना संगणकाची ओळख करून दिली, सरकारी नोकरीच्या दारात त्याचे प्रमाणपत्र मागितले जाऊ लागले, आणि ती ओळख प्रामुख्याने विंडोज व ऑफिस यांच्याच द्वारे झाली. तलाठ्यापासून बँकेतील कारकुनापर्यंत सर्वांच्या मेजावर तीच प्रणाली असताना शाळेने निराळे शिकवून मुलाचे नुकसान का करावे? याला उत्तर असे की आठवीतील मूल नोकरीस लागेतो दहा वर्षे जातात, आणि त्या काळात विंडोजचे रूपही इतके पालटते की मेनूंची जागा पाठ केलेल्या मुलापेक्षा तत्त्व कळलेले मूलच सुखी असते. उत्तर बरोबर आहे, पण ते अकरावीनंतर लगेच कामधंदा शोधणाऱ्या मुलाला देता येत नाही, हेही मान्य करावे लागेल.

दुसरा आक्षेप अधिक अडचणीचा आहे. अंध विद्यार्थ्यांसाठी पडद्यावरचा मजकूर वाचून दाखविणारी एनव्हीडीए ही आज्ञावली संपूर्णपणे मुक्त आहे, महागड्या मालकीच्या पर्यायांच्या जाचातून तिने अनेकांची सुटका केली, आणि ती चालते केवळ विंडोजवर! लिनक्सवरील ओर्का ही तिची भगिनी कार्यक्षम आहे, तथापि अंध शिक्षकांचा सराव व सामग्री बहुधा पहिलीभोवती जमलेली असते. तत्त्वनिष्ठा अंध मुलाच्या कानापेक्षा मोठी नाही, एवढे म्हणून मी पुढे जातो.

मराठीचा प्रश्न या वादात कोठे बसतो? आमच्या कार्यालयांत, छापखान्यांत आणि शाळांच्या दप्तरांत वर्षानुवर्षे मराठी मजकूर निरनिराळ्या टंकांत अडकून पडला. एकाच्या श्री-लिपीतील परिपत्रक दुसऱ्याच्या यंत्रावर रोमन चिन्हांचा चिवडा होऊन उमटे, आणि टंकाचा परवाना संपला की जुना मजकूर उघडण्याचीही पंचाईत. युनिकोडने यातून बाहेर काढले, आणि विंडोजनेही देवनागरीला युनिकोडचे घर तसे लवकरच दिले, हे श्रेय नाकारू नये. परंतु ‘वाऱ्यावर’ या शब्दातील अर्धा ऱ पडद्यावर नीट उमटावा यासाठी हाक कोणाला मारावी, हा प्रश्न उरतोच. मुक्त प्रणालींत ही हाक मारण्याजोगी माणसे होती: मुंबईतून निघालेली इंडलिनक्सची मंडळी, रेड हॅटने २००४ च्या सुमारास खुले केलेले लोहित टंक, पुण्यातील त्यांच्या कार्यालयात भारतीय लिप्यांवर झालेले काम, आणि अलीकडे मुंबईच्या एक टाइप या मंडळाचा मुक्त परवान्यावर मिळणारा सुबक मुक्ता टंक. मुंबईच्या आयआयटीतील प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमाने तर लिनक्स व मुक्त आज्ञावलींचे धडे मराठीतही ध्वनिमुद्रित करून ठेवले आहेत. सामग्री इतकी हाताशी असूनही महाराष्ट्राच्या शाळांतून तिचा वापर तुरळक का, याचे कारण तंत्रात नसून कारभारात आहे. केंद्राच्या २००४ च्या शालेय संगणक योजनेखाली महाराष्ट्रासह अनेक राज्यांनी प्रयोगशाळा उभारल्या त्या ‘बूट’ पद्धतीने. खाजगी मक्तेदाराने संगणककक्ष बांधावा, पाच वर्षे स्वतःच्या मालकीत चालवावा आणि मग शाळेच्या हवाली करावा. त्या पाच वर्षांत संगणकाचा शिक्षक मक्तेदाराचा, दुरुस्त करणारा मक्तेदाराचा, आणि कधीकधी खोलीची किल्लीही त्याच्याच माणसाच्या खिशात. शाळेच्या स्वतःच्या गुरुजींना यंत्राला हात लावण्याचा प्रसंगच येऊ नये, याहून पक्का बंदोबस्त दुसरा कोणता?

अलीकडे या वादाची जमीनच हलू लागली आहे. क्रोमबुक नावाची यंत्रे अमेरिकेतील शाळांत पसरली. त्यांच्या गाभ्यात लिनक्स आहे, आणि तरीही विद्यार्थ्याला त्या गाभ्याचा काही उपयोग नाही, कारण सर्व व्यवहार गूगलच्या खात्यातून चालतो. विशिष्ट दिवसानंतर सुधारणा बंद झाल्याने धडधाकट यंत्रे भंगारात जाऊ लागली, तक्रारी वाढल्या, आणि २०२३ मध्ये गूगलने ही मुदत दहा वर्षांपर्यंत वाढविली. मुलांची माहिती कोठे जाते या चिंतेने डेन्मार्कच्या नियामकाने २०२२ साली हेलसिंगोर नगरपालिकेच्या शाळांत क्रोमबुकांना मनाई केली. फ्रान्सच्या शिक्षण मंत्रालयाने त्याच वर्षी मायक्रोसॉफ्ट व गूगल यांच्या विनामूल्य सेवा शाळांनी वापरू नयेत अशी भूमिका घेतली. प्रणाली मुक्त, पण दप्तर परक्याच्या माडीवर, ही नवी स्थिती जुन्या युक्तिवादांत मावत नाही. आपल्याकडे २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक ठरविली आहे. पालकसभेला न येणाऱ्या पालकाची संमती गुरुजी कशी मिळवितात, ते दिसेलच.

दरम्यान १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण आधार संपविला. विंडोज ११ ला विशिष्ट सुरक्षा-चिप आणि बऱ्याच नव्या पिढीचे प्रक्रियक लागतात, त्यामुळे शाळांना दहा वर्षांपूर्वी मिळालेली यंत्रे तिच्या दारातच अडतात, जरी त्यांचे पडदे, कळफलक व स्मृती अजून ठीक चालत असली. अशा यंत्रावर लिनक्सची हलकी आवृत्ती चढविणे हे एका पेनड्राइव्हचे आणि तासाभराचे काम आहे. केरळातील माध्यमिक शाळेत हे काम करणारी शिक्षिका बहुधा स्टाफरूममध्येच सापडते. आपल्याकडील शाळेत कपाटाचे कुलूप उघडून ती यंत्रे मेजावर मांडता येतील, विजेचा फलकही चालू असेल. मक्तेदाराची पाच वर्षे मात्र केव्हाच संपलेली आहेत, आणि त्याच्या माणसाचा क्रमांक मुख्याध्यापकांच्या जुन्या डायरीत आहे.